पूर्वपक्षाची नोकरी

पंचमी

नोकरी लागली. नोकरी कसली, तर भांडायची. रोज सकाळी म्हातारबुवांच्या समोर बसायचं आणि ते जे सांगतील ते चूक आहे असं म्हणायचं. त्याबद्दल दोन वेळचं जेवण आणि माडीवरची खोली. ताईला कळलं तर म्हणेल, "जन्मभर फुकट केलंस तेच काम, बरं झालं, पोटाला तरी लागलं."

गंमत करतोय, पण काम साधं नाही. भाष्य लिहायचं म्हणजे मूळ सूत्राचा अर्थ सांगून मोकळं होता येत नाही. आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडायचं, तेही अगदी जोरात, आणि मग ते खोडायचं. ती विरुद्ध बाजू म्हणजे पूर्वपक्ष. बहुतेक भाष्यकार दोन्हीकडून स्वतःच बोलतात, म्हणून त्यांचा पूर्वपक्ष मुद्दाम हरायला बसवल्यासारखा दिसतो. म्हातारबुवांना ते चालत नाही. त्यांना हाडामांसाचा पूर्वपक्ष लागतो, जेवणारा आणि चिडणारा. तो आता मी.

मागच्या पाठशाळेतून मला हाकललं ते ह्याच गुणासाठी. मुख्यांच्या जावयाला भर सभेत निरुत्तर केलं. माझ्या जिभेला हाड नाही हे मला मान्य आहे, पण जावयाच्या बोलण्याला शेंडाबुडखा नव्हता हेही कुणीतरी मान्य करायला हवं होतं.

भाष्यात पूर्वपक्षाचं नाव कधी येत नाही. "कोणी म्हणतात" एवढंच येतं, आणि खोडून झालं की "ते बरोबर नाही". हरकत नाही. माझा एक तरी आक्षेप त्या ग्रंथात जावा, आणि मी मेल्यावर कधीतरी एखाद्या विद्यार्थ्याने त्या ओळीपाशी अडखळावं, हा कोणी म्हणणारा कोण होता बुवा, एवढंच मला हवं आहे. एवढंच, असं लिहिलं खरं, पण त्याच्याशिवाय मला दुसरं काहीच नको आहे.

बुवांच्या पत्नीला सगळे काकू म्हणतात. त्यांनी एकच बजावलं. "गप्प बसू नका. कोणी नुसती मान डोलवली की त्यांना त्रास होतो."

मी म्हटलं, "काकू, त्याची काळजीच सोडा."

षष्ठी

पहिला दिवस. खोली लहान, खिडकी ओढ्याच्या बाजूला, भिंतीशी चटया. बुवा खिडकीकडे पाठ करून बसतात, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नाही, नुसते कान दिसतात. कोपऱ्यात लेखनिक. हा गृहस्थ सतत खोकतो. मी मनात त्याचं नाव ठसका ठेवलं.

पहिल्याच सूत्रावर मी सुरुवात केली. म्हटलं, ग्रंथ लिहायचाच कशाला? ज्याला कळलंय त्याला त्याची गरज नाही, ज्याला कळत नाही त्याला वाचूनही कळणार नाही.

बुवा पुढे झुकले. डोळे लकाकले. "ते बरोबर नाही," म्हणाले. "ग्रंथ अर्धवट कळलेल्यांसाठी असतो. आणि जगात बाकी सगळे अर्धवटच आहेत, तुमच्यापासून सुरुवात."

ठसका हसला नाही. त्याने मान खाली घालून लिहिलं. माझी मात्र चांगलीच जिरली, आणि खरं सांगायचं तर इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

अष्टमी

शाईबद्दल तक्रार करायला हवी. आज ठसक्याच्या पानाला चुकून अंगठा लागला तर अख्खी ओळ अंगठ्यावर आली. शाईत डिंक घातलेला नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. एवढा मोठा ग्रंथ, आणि काटकसर कशात, तर डिंकात! ठसक्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "बघू, पुढच्या वेळी." आणि खोकला.

द्वादशी

आज अपमान झाला. काल माझ्याशी दुपारपर्यंत भांडले, आणि आज मी जाऊन बसलो तर शांतपणे विचारतात, "आपण कुठून आलात?"

मोठ्या माणसांची ही जुनी खोड. समोरच्याची जागा दाखवायची झाली की त्याला ओळखायचंच नाही. मी नाव सांगितलं. त्यांनी हात झटकला. "नावं कोण लक्षात ठेवतो! काम काय करता?"

"आक्षेप घेतो."

"मग तुम्ही पूर्वपक्ष," ते खूश होऊन म्हणाले. "या, पूर्वपक्ष, बसा."

तेव्हापासून घरात मी पूर्वपक्ष. काकूसुद्धा जिन्याखालून हाक मारतात, "पूर्वपक्ष, पानं घेतलीत!" काकूंशी मात्र बुवा फार अदबीने वागतात. त्यांनी दूध आणून दिलं तर म्हणाले, "आपण कशाला तसदी घेतलीत?" बायकोला आपण म्हणणारा नवरा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. हाच माणूस मला अर्धवट म्हणतो.

अमावस्या

आजचा दिवस माझा.

रोज सकाळी मी पाय मोकळे करायला रंगाऱ्यांच्या गल्लीतून जातो. खोलीत बसवतच नाही, पाय शिवशिवतात. रंगारी पिंपात कापड बुडवत होता. पाणी लाल, कापड लाल. पिळून काढलं, वाळवलं, तरी लाल. एकदम सुचलं. बुवांचं म्हणणं असं की पाहणारा निराळा आणि पाहिलेलं निराळं. पाहिलेलं त्याला चिकटत नाही. मी म्हटलं, का नाही चिकटत? कापडाला विचारा. बुडवलं की ते पहिलं कापड राहत नाही. रोज पिंपात बुडणारा पाहणारा कोरा कसा राहील?

बुवांनी मांडीवर थाप मारली. मग म्हणाले, "वा! फार दिवसांनी ऐकला हा आक्षेप."

खोडला त्यांनी, नाही असं नाही. कापड बदलतं हे ज्याला दिसतं तो कापड नव्हे, वगैरे. पण खोडायला त्यांना वेळ लागला, आणि वा म्हणाले. ठसक्याने सगळं लिहून घेतलं. म्हणजे गेला माझा आक्षेप ग्रंथात! रंगाऱ्याला जाऊन मिठी मारावी असं वाटलं. हात लाल होते त्याचे, म्हणून नाही मारली.

तृतीया

आज आठवणीचं प्रकरण सुरू व्हायचं होतं. ग्रंथाचा कणा तोच. काल जो होता तोच आज आहे, हे आपण आठवणीवरून सिद्ध करतो. तिथे बुवा काय उभं करतात ते पाहायला मी उतावीळ झालो होतो. रात्रभर कूस बदलत होतो.

सकाळी काय, तर ठसक्याला खोकल्याची उबळ. उबळ जाते न जाते तोच काकू आल्या. सगळी पानं भिजली म्हणे. छत गळालं. पाऊस नाही, पाणी नाही, आणि छत गळालं!

मला वाटलं बुवा आकाशपाताळ एक करतील. ते म्हणाले, "असं? मग पहिल्यापासून." आणि खरोखर पहिल्या सूत्रापासून सांगायला लागले. मलाही पहिलाच आक्षेप घ्यावा लागला, ग्रंथ लिहायचाच कशाला. आणि त्यांनी तोच विनोद केला, तुमच्यापासून सुरुवात, तसाच पुढे झुकून. तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकणं ही केवढी शिक्षा आहे! ठसका पुन्हा हसला नाही. आता मला कळलं तो का हसत नाही. तो इथे जुना आहे.

एकादशी

पुन्हा रंगाऱ्याचं पिंप झालं. बुवा पुन्हा म्हणाले, "वा, फार दिवसांनी." मला बोचलं. तोंडदेखलं कौतुक असेल तर एकदाच करावं.

आणखी एक. ठसक्याच्या पुढ्यातल्या एका पानाचा कोपरा उंदराने कुरतडलेला आहे. तेच पान मागच्या खेपेला होतं. मी शपथेवर सांगतो. म्हणजे भिजलेले कागद धुऊन, वाळवून, त्यावरच पुन्हा लिहितात! ह्या घराच्या चिक्कूपणापुढे हात टेकले.

उद्या पुन्हा आठवणीचं प्रकरण येईल. काकूंना त्याचं काय वावडं आहे कळत नाही. आज मी सहज विषय काढला तर हातातलं काम टाकून म्हणाल्या, "ते तुम्ही काढू नका." बहुधा बुवांचं तिथलं लिखाण कच्चं असेल आणि ते काकूंना ठाऊक असेल. तसं असेल तर माझी खरी संधी तिथेच आहे.

द्वादशी

छत पुन्हा गळालं. पहिल्यापासून.

पौर्णिमा

जमेल तसं लिहितो.

आज सुट्टी होती म्हणून होडीने पलीकडच्या पाठशाळेत गेलो. तिथे माझा जुना सोबती शिकवतो. आम्ही त्याला पोपट म्हणायचो, कारण त्याला सगळं पाठ असायचं आणि समजायचं काही नाही. आता तो मोठा झाला आहे, पोट सुटलं आहे. वर्ग चालू होता, म्हणून मी दाराशी उभा राहिलो.

मुलं सुरात पाठ म्हणत होती. कोणी म्हणतात, जसं रंगाऱ्याच्या पिंपात बुडवलेलं कापड पुन्हा कोरं होत नाही, तसा पाहणाराही. ते बरोबर नाही.

माझं पिंप! माझं लाल कापड! अमावस्येला मी बोललो, आणि पौर्णिमेला ह्या कार्ट्यांना पाठ!

पोपटाला बाहेर ओढला. "हे तुला कुणी विकलं? त्या ठसक्याने ना?"

"काय विकलं?"

"भाष्य! अजून लिहून व्हायचंय ते!"

पोपट माझ्याकडे बघत राहिला. "अरे, आपण शाळेत असतानाच पुरं झालंय ते. तुला पाठांतराचा कंटाळा, तू कधी वाचलंच नाहीस. बारा गावच्या पाठशाळांतून लावलंय. चल, पोथी दाखवतो."

"मला नको दाखवूस."

"त्यात तर आठवणीचं प्रकरण म्हणजे," पोपट रंगात आला, "एकच ओळ, पण समोरचा आडवा. मुलांना फार आवडते." आणि त्याने वर्गाकडे तोंड करून नुसती मान हलवली, तर सगळी मुलं एका दमात ओरडली, "ज्याला काल आठवत नाही, तो कालचा नव्हे!" आणि हसली.

मी तसाच परत फिरलो. होडीवाला म्हणाला, पैसे द्या की. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा कुठे मला ऐकू आलं.

पौर्णिमा, संध्याकाळी

काकू मागच्या ओट्यावर बसल्या होत्या, एका घमेल्यात पाणी आणि ओलं फडकं घेऊन. पानं पुसत होत्या. आजवर लिहिलेली. पुसून दोरीवर टांगत होत्या. कुरतडलेल्या कोपऱ्याचं पान आधीच टांगलेलं होतं.

मी काहीतरी जोरात बोलणार होतो. त्यांनीच आधी वर पाहिलं.

"कळलं वाटतं," काकू म्हणाल्या.

"मग मला का ठेवलंत?"

"कोणी समोर बसून आक्षेप घेतला की ते पहिल्यासारखे होतात. दुपारपर्यंत तरी. बाकी कशाने होत नाहीत. वैद्याने होत नाहीत, माझ्याने होत नाहीत." त्यांनी पान पिळलं नाही, नुसतं निथळू दिलं. "तुमच्या आधीही होते पूर्वपक्ष. कंटाळून गेले. तुम्ही टिकलात, कारण तुम्हाला भांडायची हौस आहे."

"त्यांना सांगत का नाही, ग्रंथ पुरा झालाय म्हणून?"

"सांगितलं होतं. पोथी हातात दिली. दोन पानं वाचली, म्हणाले, छान लिहिलंय, कोणाचं आहे? मग माझं कुठे आहे, म्हणून दिवसभर घर उचकत होते."

मी विचारलं, आठवणीचं प्रकरण का टाळता. विचारता विचारताच मला मुलांचं हसणं आठवलं, आणि उत्तर कळलं.

"ती ओळ मी स्वतः ऐकली होती, पहिल्यांदा सुचली तेव्हा," काकू म्हणाल्या. "घरभर म्हणत फिरत होते. कुणाला तरी चीत करायचं होतं त्यांना. आता ती त्यांच्या तोंडून मला ऐकायची नाही. आणि त्यांनी ऐकायची नाही."

द्वितीया

रंगाऱ्यांच्या गल्लीतून गेलो. बुवा तरणे होते तेव्हापासून ह्याच गल्लीतून ये-जा करत असणार. पिंपंही तीच असतील. मला वाटलं मला सुचलं! फार दिवसांनी ऐकला, असं ते सरळ सांगत होते, आणि मी ते कौतुक समजून छाती फुगवत होतो.

लाज वाटते, आणि रागही येतो. कोणाचा ते कळत नाही. बोचकं बांधलं. सोडलं. पुन्हा बांधलं.

सकाळी मात्र जाऊन बसलो. ग्रंथ लिहायचाच कशाला? तुमच्यापासून सुरुवात. आज त्या विनोदाला मी हसलो. बुवा इतके खूश झाले की त्यांनी ठसक्यालाही बजावलं, "बघा, ह्यांना कळतं."

पंचमी

पोपट आला होता. पुढच्या पौर्णिमेला त्यांच्याकडे मोठी सभा आहे. त्यांचे मुख्य ह्या भाष्याचे कट्टर अभिमानी; त्यांनी जाहीर केलंय की आठवणीच्या ओळीला जो खरा धक्का देईल त्याला पाठशाळेत कायमची जागा. आजवर कुणी देऊ शकलेलं नाही.

"तुझ्या डोक्यात असं काहीतरी येत असतं," पोपट म्हणाला. "ये रे. ह्या म्हाताऱ्याच्या घरी किती दिवस काढशील?"

माझं डोकं रिकामं होतं. विचार करतो म्हटलं. दिवसभर येरझाऱ्या घातल्या. ठसका खालून ओरडला, माती पडतेय दौतीत.

सप्तमी

सापडलं.

दुपारी बुवा ओट्यावर बसले होते. दुपारची वेळ, म्हणजे ते फारसे नव्हतेच तिथे. काकू येऊन शेजारी बसल्या. बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण?" काकू म्हणाल्या, "मी इथलीच." बुवांनी मान डोलवली. आणि त्याच वेळी त्यांच्या हाताने अंगावरची शाल काढून काकूंच्या डाव्या गुडघ्यावर सरकवली. काकूंचा तो गुडघा दुखतो. जिना चढताना तोच धरतात.

बुवांचं लक्षही नव्हतं हाताकडे. ते ओढ्याकडे पाहत होते.

मी माडीवर पळालो. ज्याला काल आठवत नाही तो कालचा नव्हे? मग शाल सरकवली कोणी? अख्ख्या प्रकरणाला भगदाड. हे पोथीत नाही. असूच शकत नाही. ते लिहिलं तेव्हा बुवांना सगळं आठवत होतं. हा माझा. गल्लीतला नाही, पिंपातला नाही, माझा.

पोपटाला निरोप धाडला, येतो.

नवमी

काकूंना सांगितलं, पौर्णिमेच्या आधी जाईन. त्या म्हणाल्या, "बरं. दुसरं कोणीतरी बघायला हवं." रागावल्या असत्या तर भांडता आलं असतं.

जेवण गेलं नाही. पुन्हा पुन्हा मनात येतं, सभेत मी ती शालीची गोष्ट सांगणार. कोणाची, हे सांगणार नाही. पण पलीकडच्या गावात कोणाला कळायचं राहील? हजार माणसांपुढे. पुन्हा वाटतं, त्यात वाईट काय, चांगलीच तर गोष्ट आहे. पुन्हा वाटतं, ती माझी नाही. असं चाललंय.

दशमी

सगळं लिहून ठेवायला हवं, आजच.

मी जाऊन बसलो. बुवा माझ्या आधीच बसलेले, आणि आज खिडकीकडे तोंड करून. म्हणाले, "आज आठवणीचं प्रकरण."

ठसक्याने लगेच खोकायला सुरुवात केली.

"तुमचा खोकला बरोबर ह्याच जागी येतो," बुवा त्याच्याकडे वळून म्हणाले. ठसका खोकायचा थांबला. काकू दारात आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत बुवा म्हणाले, "पानं भिजली असतील तर भिजू देत. मला तोंडपाठ आहे."

आणि सांगू लागले. एक शब्द अडखळला नाही. विरोधक काय म्हणतात, त्याला उत्तर काय, त्यावर पुन्हा शंका काय. मी कशीबशी शंका काढत होतो, त्यांना दुसरीकडे वळवायला बघत होतो. ते वळले नाहीत. ओळीपाशी आले. आवाज चढला, तरण्या माणसाचा झाला.

"ज्याला काल आठवत नाही, तो कालचा नव्हे."

मग थांबले. खोलीत ओढ्याचा आवाज येऊ लागला.

"लेखनिक, काल आपण कुठवर आलो होतो?"

ठसका पानाकडे बघत राहिला.

"पूर्वपक्ष, काल तुम्ही कोणता आक्षेप घेतलात?"

मी गप्प. गप्प बसू नका असं बजावलं होतं मला, आणि मी गप्प.

"मला आठवत नाही," बुवा म्हणाले. त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "परवाचंही नाही. मग हे बोलतंय कोण?"

काकूंनी दाराची चौकट धरली होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

"ते बरोबर नाही," मी म्हटलं.

हे वाक्य ह्या खोलीत आजवर फक्त बुवा म्हणत आले. त्यांनी झटकन मान वर केली.

"काय बरोबर नाही?"

"तुमची ओळ. धूर दिसला तर विस्तव आहे, हे ठीक. धूर नाही म्हणून विस्तवही नाही, हे कुठे शिकलात? आठवण असली तर माणूस कालचा. नसली तर कालचा नव्हे, हे त्यातून निघत नाही."

"शब्दांचा खेळ!" बुवा कडाडले. "धूर नाही, ज्वाळा नाही, मग विस्तव आहे कशावरून? कुठेतरी दिसायला हवा."

"दिसतो. एक गृहस्थ आहेत. त्यांना आपली बायको आठवत नाही. ती शेजारी येऊन बसली तर आपण कोण, असं विचारतात. आणि विचारता विचारता त्यांचा हात आपली शाल काढून तिच्या गुडघ्यावर घालतो. दोन गुडघ्यांतला दुखरा कोणता ते हाताला बरोबर ठाऊक. बोला. तो हात कालचा की आजचा?"

"सवय आहे ती."

"कोणाची सवय? सवय दोरीवर टांगलेली असते का? ती कोणाची तरी असते, आणि ज्याची असते तो गेलेला नाही."

"शरीराची. हाडांची."

"वा! म्हणजे शरीरापलीकडे कोणी नाही, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसलात की तुम्ही! इतकी प्रकरणं कोणाला खोडत होतात मग?"

माझा आवाज फार चढला होता. आयुष्यात इतक्या वेळा भांडलो, पण हरलो तर काय होईल ह्याची भीती मला कधी वाटली नव्हती. आज वाटली. मला हा माणूस हरायला हवा होता, त्याच्यासाठी.

बुवा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसत होते.

"धरलंत," म्हणाले. "चांगलं धरलंत. थांबा, तुमचा दृष्टांत कच्चा आहे, मी देतो." डोळे मिटले. "तापलेलं लोखंड. धूर नाही, ज्वाळा नाही. विस्तव आहे. हात लावला की कळतं." डोळे उघडले. "लिहा, लेखनिक. इथे कोणी म्हणतात, आठवण ही नुसती खूण आहे, खूण गेली म्हणून माणूस जात नाही, जसं तापलेलं लोखंड."

ठसक्याने लिहिलं आणि नेहमीच्या शब्दांसाठी बोरू टेकवून थांबला.

"ते बरोबर आहे," बुवा म्हणाले.

ठसक्याने वर पाहिलं.

"ऐकू आलं नाही? ते बरोबर आहे. लिहा." मग माझ्याकडे वळून, सहज विचारावं तसं, "त्या बाईंचा दुखरा गुडघा कोणता म्हणालात?"

"डावा," दारातून काकू म्हणाल्या.

"तुला कोणी विचारलं गं?" बुवा म्हणाले.

तुला म्हणाले. मी इथे आल्यापासून त्यांच्या तोंडून हा शब्द काकूंसाठी ऐकला नव्हता. काकू आत गेल्या, जरा घाईनेच. ठसकाही न खोकता उठला आणि त्यांच्या मागे गेला. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला आत गेलो, तर काकू चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि वाटीत डिंक भिजत घातलेला होता.

एकादशी

पोपटाला निरोप पाठवला, येत नाही. आक्षेप संपला, त्याला ग्रंथात जागा मिळाली. मिळालेली जागा सभेत पुन्हा मागायला मी काही पोपट नाही. हे शेवटचं निरोप्याला सांगितलं नाही.

तिथली कायमची जागा गेली ह्याचं वाईट वाटलं का? वाटलं. सकाळभर वाटत होतं. ताईला काय सांगू हाही प्रश्न आहेच.

न्याहारी झाल्यावर जाऊन बसलो. बुवा खिडकीकडे पाठ करून. नुसते कान.

"आपण कुठून आलात?"

"मी पूर्वपक्ष."

"अस्सं! या, बसा." त्यांनी पहिलं सूत्र म्हटलं. ठसक्याने धुतलेलं पान पुढे ओढलं, बिनडिंकाच्या शाईत बोरू बुडवला. मी म्हटलं, ग्रंथ लिहायचाच कशाला? बुवा पुढे झुकले, डोळे लकाकले.

दुपारी दोरीवर पानं वाळत होती, सगळी कोरी. एक तेवढं निराळं, खिडकीच्या कट्ट्यावर, वर दगड ठेवलेलं. कुरतडलेल्या कोपऱ्याचं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी अंगठा ओला केला आणि 'ते बरोबर आहे' ह्या शेवटच्या ओळीवरून घासून फिरवला, दोनदा. अंगठा स्वच्छ राहिला.